मुक्कामाचा ठराव

चहा ओता आधी, मग सांगते. आणि हसायचं असलं तर आत्ताच हसून घ्या. मधी कुणी फिदीफिदी केलं की माझं डोकं फिरतं आणि गोष्ट राहती बाजूला. माझी ही फजिती गावात शेंबड्या पोराला पण पाठ आहे, पण ते लोक सांगतात त्यात तिखटमीठ फार. खरी काय ती माझ्याकडून ऐका. माझीच आहे, मला नाही माहीत तर कुणाला असणार?

मी कौसा. वडवणीहून आत वळलं की आमची वाडी लागते. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी खिचडी शिजवते. कागदावर माझं नाव स्वयंपाकी-मदतनीस, पोरांत खिचडीवाली मावशी, आणि शिक्षक लोक म्हणतात नुसतं मावशी. शाळा चौथीपर्यंत. मी पण चौथीपर्यंत. त्याच शाळेत, त्याच भिंतीला टेकून शिकले. म्हणून त्या शाळेवर माझा हक्क आहे असं मी धरून चालते. तो कुणी दिलेला नाही, मी घेतलेला आहे.

शाळेला शिक्षक दोन. कदम सर आणि कदम मॅडम, नवराबायको. बदल्या झाल्या तेव्हा सरकारनं दोघांना एका ठिकाणी टाकलं आणि ते ठिकाण निघालं आमची वाडी. दोघं वडवणीत खोली करून राहायचे. सकाळच्या गाडीनं यायचे, संध्याकाळच्या गाडीनं जायचे. आमच्याकडं ह्याला अपडाऊन म्हणतात.

आता तीच गाडी सकाळी माघारी जाताना आमच्या पोरी घेऊन जायची. वडवणीच्या हायस्कुलात, कॉलेजात. त्यात माझी प्रतीक्षा, अकरावी सायन्स. माझ्या माहेरी धरा नाहीतर सासरी धरा, दहावीच्या पुढं गेलेली ही पहिली पोरगी. तिच्यासाठी मी कोयता सोडला. आधी नवऱ्याच्या जोडीनं मी पण कारखान्यावर जायचे, ऊस तोडायला. पोरगी अभ्यासात चांगली निघाली तसं मी त्यांना म्हणलं, आता तुम्ही एकटेच जावा, मी न्हाई येत. तेव्हापासून ते एकटे जातात, अर्धा कोयता म्हणून, कारण नवराबायको मिळून एक कोयता धरतात.

तर ही पोरगी, आणि ही गाडी. दोन्ही डोक्यात ठेवा. मी ठेवली नाहीत, तिथंच सगळा घोटाळा झाला.

एके दिवशी सकाळची गाडी वेळेवर आली नाही. शाळेची किल्ली माझ्याकडं असते. मी कुलूप काढलं, पोरं आत बसवली. घंटा झाली, प्रार्थना झाली, सरांचा पत्ता नाही. पोरी तिकडं फाट्यावर ताटकळलेल्या, माझी प्रतीक्षा पण त्यात होती. पण त्या दिवशी मला पोरी दिसल्या नाहीत. मला नसलेले सर दिसले.

चारही वर्ग माझ्या गळ्यात. पहिलीला मी बाराखडी म्हणायला लावली, चौथीला पाढे, आणि दुसरी-तिसरीला सांगितलं गप बसा. दुसरी-तिसरी गप बसत नसते, हे मॅडम मला नेहमी सांगायच्या, मला वाटायचं ह्यांना जमत नाही. त्या दिवशी कळलं. तिसरीतल्या एकानं घरी जाऊन शेळीचं करडू आणलं आणि बाकावर बसवलं. हजेरी घेताना ते ओरडलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच्या मागं. करडाच्या मागं नाही, पोराच्या मागं. तेवढ्यात खिचडी बुडाला लागली.

आता हे ऐका. माझ्या हातची खिचडी त्या शाळेत कधी लागली नव्हती. पोरांचा अभ्यास बुडाला त्याचं मला एवढं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. पण खिचडीचा वास सुटला आणि माझी सटकली.

सर आले ते चालत. बुटावर फुफाटा, कपाळावर घाम, मागं मॅडम छत्री घेऊन. मी दारातच उभी.

"सर, ही येळ हाय का यायची?"

"मावशी, गाडी पंक्चर झाली. मी काय ढकलू का?"

"गावात राहावं. मग गाडीच लागत न्हाई."

सरांनी पिशवी खाली ठेवली, तांब्याभर पाणी प्यायले आणि मग मला सगळं समजावून सांगितलं. तलाठी गावात राहतो का? ग्रामसेवक राहतो का? दवाखान्यातले डॉक्टर राहतात का? मग एकटा मास्तरच सगळ्यांच्या डोळ्यांत का खुपतो? सरकार म्हणतं मुख्यालयी राहा. राहू. पण तुमच्याकडं नळाला पाणी कधी येतं ते तुम्हालाच माहीत नसतं, रात्री लाईट जाते ती सकाळी येते, आणि खोली देतंय कोण? आणि शिकवायचं असलं तर माणूस वडवणीहून येऊन पण शिकवतो, नसलं तर वर्गातच झोपतो, असं सर म्हणाले.

हे शेवटचं खरं होतं. सर शिकवायला चांगले होते, त्यांच्या हाताखालची पोरं घडाघडा वाचायची. खरं होतं म्हणूनच मला जास्त राग आला.

मी म्हणलं, आमी न्हाई का राहत? मेलो का?

आता तुम्हाला आमच्या गावातली एक रीत सांगायला पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. शिक्षक गावात मुक्कामी राहतात, असा ग्रामसभेचा ठराव लागतो. तो वर पाठवावा लागतो, म्हणजे वरचे खूश. म्हणून दरसाल ग्रामसभेत हा विषय यायचा. ग्रामसभा शाळेच्याच ओट्यावर भरते. सरपंच आबा विचारायचे, कदम सर आणि मॅडम गावात राहतात, मंजूर का? सगळं गाव हात वर करायचं. आणि सर तिथंच फाटकाजवळ उभे असायचे, हातात पिशवी, संध्याकाळच्या गाडीची वाट बघत. कुणाला त्यात काही वाटायचं नाही. मला पण नाही. मी पण दरसाल हात वर केलेला आहे.

त्या साली मी केला नाही.

आबा म्हणजे म्हातारा शांत माणूस. टोपी सरळ करून बोलतात, आणि एक वाक्य बोलून झालं की दुसऱ्याच्या आधी सुपारी फोडतात. त्यांनी विषय वाचला, हात वर झाले. माझ्या शेजारी माझी जाऊ बसली होती. तिनं माझं कोपर धरून वर ढकललं. मी कोपर सोडवून घेतलं आणि उठून उभी राहिले.

"आबा, खोटं कावून बोलायचं? सर तिकडं बघा, गाडीची वाट बघायलेत."

सगळ्यांनी फाटकाकडं बघितलं. सरांनी पिशवी पाठीमागं घेतली.

आबा म्हणाले, "कौसाबाई, दरसाल असंच असतंय."

"ह्या साली न्हाई. आधी राहावं, मग ठराव."

मग मी बोलतच सुटले. करडू सांगितलं, लागलेली खिचडी सांगितली, सरकारचं घरभाडं घ्यायचं आणि वडवणीत राहायचं हे पण काढलं. बाया माना डोलवायला लागल्या. बाया डोलवतात म्हणून गडी पण डोलवायला लागले. ज्यांनी आत्ताच हात वर केलते तेच जोरात. मला लई बरं वाटलं. माणसाला असं बरं वाटलं की त्यानं खाली बसावं. मी बसले नाही.

मी म्हणलं, "शाळेतलं एकूण एक माणूस गावात राहिलं पाहिजे. राहणार न्हाई त्याला ह्या शाळेत जागा न्हाई. लिव्हा असंच."

आबांनी सुपारी फोडली आणि ग्रामसेवकाला म्हणाले, बाई म्हणतात तसंच लिहा, एक अक्षर इकडंतिकडं नको. ग्रामसेवक स्वतः बीडहून येतो, आला तर. त्यानं 'शाळेतलं' हा शब्द ऐकला, त्याचा जीव भांड्यात पडला आणि त्यानं झटक्यात लिहून टाकलं.

मला वाटलं, आता सर भांडतील, मागं सरतील, हातापाया पडतील. सर फाटकाजवळून एवढंच म्हणाले, "राहतो की. खोली दाखवा."

 बाप्ये टोपी काढून झटकायला लागले, बाया पदर सारखा करायला लागल्या. आमच्या वाडीत भाड्यानं खोली द्यायची पद्धतच नाही, आणि मास्तराला दिली तर तो घरातलं सगळं बघणार.

आबा म्हणाले, "कौसाबाई, तुमची ओसरीकडची खोली मोकळीच हाय की."

मोकळी कसली? त्यात कांदा होता, कडबा होता, मोडकी बाज होती आणि दोन कोंबड्या खुडूक बसलेल्या होत्या. पण भरल्या सभेत आत्ताच एवढी ओरडले होते. आता काय म्हणणार?

"हाय," म्हणलं.

सर टेम्पो भरून आले. कपाट, फ्रीज, पुस्तकांची खोकी, मॅडमची शिलाई मशीन. गाव बघायला जमलं. मी फाटकात उभी राहून सगळ्यांना सांगत होते, हे बघा, राहिले का न्हाई? पुढचे काही दिवस मी गावातून अशी चालायचे की सरपंच आबा नसून मीच आहे. ज्या सरांना मोठमोठे साहेब हलवू शकले नाहीत त्यांना चौथी पास बाईनं हलवलं. माझं मीच म्हणायचे, दुसरं कुणी म्हणत नव्हतं.

त्या दिवशी रात्री जेवताना प्रतीक्षा म्हणाली, "आई, आता गाडीत सर-मॅडम नसणार."

"बरं की. बसायला जागा मिळंल तुला."

बघा. पोरीनं ताटात वाढून दिलं होतं. मी भाकरी खात होते.

सर घरात आले आणि घराची शाळा झाली. दिवस मावळला की पोरं दप्तर घेऊन ओसरीवर. टीव्ही लावला की मॅडम हळूच म्हणणार, मावशी, आवाज थोडा. माझ्याच घरात मी मालिका बिनआवाजाची बघायला लागले. नुसती तोंडं हलायची, कोण कुणाला शिव्या देतंय ते अंदाजानं. वर सरांना माझी सगळी वेळ कळायला लागली. आधी मी सांगायचे, भल्या पहाटेपासून राबते. आता सर ओसरीवर दात घासत उभे असायचे आणि मी उठायचे.  नुसतं म्हणायचे, "उठलात का मावशी?"

दसरा झाला. एक दिवस प्रतीक्षा सांगत आली की कंडक्टर विचारत होता, तुमच्या गावच्या मास्तर लोकांची बदली झाली का? तिनं सांगितलं, ते आमच्यातच राहतात. तर तो हसला म्हणे, मग आमी आता कुणासाठी यायचं? मी म्हणलं, त्याला काय कळतंय, तिकिटं फाडणारा माणूस, बडबड्या असल.

दिवाळी झाली. आमचे हे मुकादमाच्या ट्रॅक्टरवर बसून कारखान्यावर गेले. सुट्टी संपली. पोरी दप्तरं घेऊन फाट्यावर गेल्या आणि दुपारी माघारी आल्या.

गाडी आलीच नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी दूधवाल्याच्या टेम्पोनं बातमी आणली की आमच्या वाडीची गाडी बंद केली.

आता तुम्हाला कुणालाही कळलं असतं. मला काय कळलं सांगू? मला कळलं की हा सरांचा डाव आहे. मी त्यांना गाडी सोडायला लावली, त्यांनी माझ्या पोरीची गाडी तोडली. बरोबर बसत होतं सगळं. मी पदर खोचला आणि गेले ओसरीवर. मॅडम भजी तळत होत्या. सर पेपर वाचत होते.

मी काय काय बोलले ते इथं सांगत नाही, लहान लेकरं आहेत. थोडक्यात, तुम्ही वशिला लावून गाडी बंद पाडली, सूड घेतला, पोरीच्या शिक्षणाच्या मुळावर उठलात. सरांनी सगळं ऐकून घेतलं. पेपरची घडी घातली.

"मावशी, माझं ऐकून गाडी बंद झाली असती, तर माझं ऐकून तुमच्या इथं नळाला पाणी न्हाई का आलं असतं?"

मॅडमनी पुढं भज्याची ताटली ठेवली. मी घेतली नाही. नंतर घेतली, ते वेगळं.

पण माझं समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी आधी खिचडी उरकली, भांडी जावेवर टाकली. दूधवाला त्या दिवशी कॅन आणायला दुपारीच निघाला होता, त्याच्या टेम्पोत बसून वडवणीला गेले. सरळ बसस्टँड. तिथं खिडकीत गाड्यांची वेळ बघणारे कंट्रोलर साहेब बसलेले. त्यांना म्हणलं, आमच्या गाडीची तक्रार कुणी केली ते नाव सांगा.

ते म्हणाले, तक्रार कुणाचीच नाही. मग त्यांनी मला गाडीचा सगळा हिशेब तोंडी सांगितला. तुमच्या वाडीच्या गाडीत पोरी बसतात, त्यांना फुकट पास. म्हातारे बसतात, ते पण फुकट. बाया बसतात, त्यांना अर्धं तिकीट. गडी माणूस बसत नाही, त्याला मोटरसायकल. आख्ख्या गाडीत रोज पूर्ण तिकीट काढणारा माणूस एकच होता, कदम सर नावाचा. आणि अर्धं काढणारी त्याची बायको. सकाळी येताना ते दोघं, जाताना पोरी. संध्याकाळी येताना पोरी, जाताना ते दोघं. आता ते दोघं गेले. रिकामी गाडी आत नेऊन पासवाल्या पोरी बाहेर आणायच्या, तर वरून विचारतात, ही गाडी चालवता कशाला?

मी म्हणलं, पोरींच्या पासाचे सरकार भरतंय की.

"भरतंय. पण ते तिकडं वर. इथं मशीनमधी शून्य दिसतंय. मला त्याचं उत्तर द्यावं लागतंय."

मग ते चष्मा पुसत म्हणाले, "मला तर ऐकायला आलं, तुमच्या गावात कोण एक बाई हाय. तिनंच ठराव करून मास्तर गावात डांबलेत. गाडीचं मला कशाला विचारता? तिलाच विचारा जाऊन."

खिडकीत मागं चार माणसं उभी होती. ती पण माझ्याकडं बघायला लागली.

मी म्हणलं, "बघते तिला."

आणि आले तिथून.

माघारी येताना टेम्पोत रिकामे कॅन वाजत होते. मी तोंडातून शब्द काढला नाही. दूधवाल्यानं दोनदा विचारलं, मावशी, बरं न्हाई का? मी बोलत नाही म्हणजे दुखणंच असणार, असं त्याला वाटलं.

इकडं प्रतीक्षा घरी. बाकीच्या पोरींचं कसंतरी लागलं. एकीला भाऊ मोटरसायकलवर सोडायचा, एक मामाकडं राहायला गेली. हिला कोण सोडणार? बाप उसाच्या फडात, आणि मला सायकल पण येत नाही. जीप निघते ती बाजारच्या दिवशी, ती पण भरली तर. दूधवाल्याचा टेम्पो सकाळी इकडं येतो आणि संध्याकाळी तिकडं जातो, म्हणजे कॉलेजच्या उलटा. पोरगी ओसरीवर बसून फिजिक्स वाचायची, आणि समजत नाही म्हणून सरांना विचारायची. सर म्हणायचे, बाळा, मी चौथीपर्यंतचा मास्तर.

मग आष्टीहून माझ्या नणंदेचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं, मग म्हणाली, "वैनी, प्रतीक्षा घरीच असती म्हणं आता. आमच्याकडं एक पोरगा हाय. स्वतःची पिकअप हाय त्याची. बघायचं का?"

मी म्हणलं, "वन्सं, पोरगी घरी बसली न्हाई. गाडी बसलीय."

फोन ठेवला खरा, पण परत वाजतो का म्हणून त्याच्याकडंच बघत बसले. आमच्याकडं घरी बसलेली पोरगी फार दिवस घरी बसत नाही, एवढं सगळ्यांना माहीत आहे. कोयता सोडून मी एवढे दिवस जे धरून ठेवलं, ते मीच ओट्यावर उभं राहून, सगळ्यांच्या माना डोलवून घेऊन, सोडून दिलं होतं.

मग मी काय केलं? ज्यांना गावात आणण्यासाठी घसा फोडला, त्यांना जा म्हणायला गेले. सर, म्हणलं, तुमी आपले पहिल्यासारखे वडवणीत राहा. रोज गाडीनं या. उशीर झाला तरी मी काही बोलणार न्हाई. खिचडी लागली तरी न्हाई.

सरांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी अंगणाकडं बघितलं. अंगणात त्यांनी मेथी लावली होती, मिरचीची रोपं लावली होती, आणि माझ्या खुडूक कोंबड्यांना नावं दिली होती. दोघांची तब्येत सुधारली होती. सर म्हणाले, सकाळी धावपळ नाही, दगदग नाही, वर्गात मन लागतं. आम्ही उगाच एवढी वर्षं अपडाऊन केलं.

"आन मावशी, ठराव हाय," सर म्हणाले. "राहणार न्हाई त्याला शाळेत जागा न्हाई. तुमीच लिव्हायला लावलं."

मी मेथीवरच्या कोंबड्या हाकलायला लागले. 

मग मॅडमच म्हणाल्या, वडवणीतली आमची खोली अजून रिकामीच आहे. घरमालकीण खालीच राहते, बाई चांगली आहे. प्रतीक्षाला तिथं ठेवा, कॉलेज चालत जाता येतं. भाडं आम्ही इथलं तुम्हाला देतो ते तिकडं द्या, काम झालं.

फडातून ह्यांचा फोन आला, त्यांना सांगितलं. ते म्हणाले, शिकू दे, पण एकटी ठेवायची न्हाई, तू राह्य तिच्यासंगं. मला पण तेच पाहिजे होतं. मग मी गाठोडं बांधलं, स्टोव्ह घेतला आणि पोरीला घेऊन वडवणीत राहायला गेले.

आता नीट बघा काय झालं. माझ्या घरात सर राहतात. सरांच्या खोलीत मी राहते. आणि शाळा आहे तिथंच आहे.

सकाळी पोरीचा डबा करायचा आणि दूधवाल्याचा टेम्पो गाठायचा. तो गावोगाव कॅन उतरवत येतो. ह्याच्या दारात थांब, त्याच्या दारात थांब. मी मधी कॅन धरून बसलेली, लुगड्याला दुधाचा वास, मागं कुत्री. संध्याकाळी त्याच टेम्पोनं भरल्या कॅनांसोबत माघारी. पहिल्याच आठवड्यात एक दिवस टेम्पो वाटेत बसला. शाळेत पोचले तेव्हा पोरं ताटं वाजवत होती. सर गॅस पेटवून बसले होते, डाळ-तांदूळ धुऊन ठेवले होते, फोडणीत काय आधी टाकायचं ते मॅडमना विचारत होते.

सर म्हणाले, "मावशी, उशीर केला?"

माझ्या तोंडातून काय निघावं?

"टेम्पो पंक्चर झाला. मी काय ढकलू का?"

सरांनी डाव माझ्या हातात दिला आणि वर्गावर गेले. बोलले असते तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.

ह्यापुढचं ऐका आणि मग हसा. जानेवारीची ग्रामसभा आली. वरून विचारणा होती, तुमच्या गावानं मुक्कामाचा ठराव केला तो पाळतात का, ते गावानंच सांगावं. तोच ओटा, तेच गाव. बाया बसलेल्या, माझी जाऊ पुढंच. मी बसले नव्हते. दूध भरून टेम्पो त्याच सुमाराला निघतो, आणि तो कुणासाठी थांबत नाही. म्हणून मी फाटकाजवळ उभी होते.

आबांनी टोपी सरळ केली आणि माझाच ठराव मला वाचून दाखवला. शाळेतलं एकूण एक माणूस गावात राहिलं पाहिजे. राहणार न्हाई त्याला ह्या शाळेत जागा न्हाई. मग सुपारी फोडली आणि बोटं मोजायला लागले. कदम सर, राहतात. कदम मॅडम, राहतात.

"तिसरं माणूस?"

सगळ्या मुंड्या फाटकाकडं वळल्या.

मी पिशवी पाठीमागं घेतली.

खरं सांगते, तेव्हा मला हसू आलं नाही. ते काम गेलं तर वडवणीत खोली करून राहायचं कशावर? आणि खोली गेली की पोरगी परत ओसरीवर, आणि आष्टीचा फोन. माझ्या तोंडचंच वाक्य होतं. कुठूनही धरलं तरी ते मलाच लागत होतं.

माझी जाऊ म्हणाली, बाई रोज येती की, खिचडी वेळेवर देती. कुणीतरी म्हणालं, रोज येणं वेगळं, राहणं वेगळं, हे कौसाबाईनंच आपल्याला शिकवलं. गडी माना डोलवायला लागले.

आबा माझ्याकडं बघून म्हणाले, "कौसाबाई, तुमीच सांगा. खोटं कावून बोलायचं?"

मी म्हणलं, "आबा, दरसाल असंच असतंय."

मागून कुणीतरी फुसकन हसलं. आणि तेवढ्यात सर उठून उभे राहिले. वर्गात सांगतात तशा खणखणीत आवाजात म्हणाले, "मावशी गावात मुक्कामी राहतात. मंजूर असंल तर हात वर करा." आणि सगळ्यात आधी स्वतःचा केला.

मॅडमनी केला. जावेनं केला, दोन्ही केले. मग बाया, मग गडी, मग आबा. ग्रामसेवक लिहायला लागला.

तिकडं फाट्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला. माझ्या एका हातात पिशवी होती. दुसरा मी वर केला, आणि तोच हात हलवत, थांब रे, थांब, म्हणत टेम्पोच्या मागं पळाले.